पामच्या २६०० जाती, मग जिथे बघावं तिथे तेच पाच-सहा का?

निवांत_माळी

गेल्या वर्षी एकाच दिवशी तीन प्रकारचे पाम पेरले. पहिला वॉशिंग्टोनिया रोबस्टा, म्हणजे मेक्सिकन फॅन पाम. बी मिऱ्याएवढं. दुसरा फॉक्सटेल. त्याचं बी लहानशा लिंबाएवढं, वर काळ्या दोऱ्यांची जाळी विणल्यासारखी. तिसरा चिलीचा जुबिया. त्याचं बी म्हणजे गोटीएवढा नारळच, तीन डोळ्यांसकट. तिघांना तेच कोकोपीट, तीच ऊब, तेच पाणी.

वॉशिंग्टोनियाने अठराव्या दिवशी कांद्याच्या पातीसारखं टोक वर काढलं आणि महिनाभरात ट्रे भरून टाकला. फॉक्सटेल चौथ्या महिन्यात जागा झाला. जुबिया अजून झोपलेलाच आहे. दर रविवारी एक बी उकरून बघतो, टणक लागतं, परत पुरतो.

तेव्हापासून डोक्यात एक किडा आहे, म्हणून हा धागा. जगात पामच्या २६०० च्या आसपास जाती आहेत. पण उष्ण हवेतलं कुठलंही शहर घ्या, रस्त्याकडेला, हॉटेलांच्या दारात, बंगल्यांच्या फाटकाशी तेच पाच-सहा चेहरे दिसतात: रॉयल, क्वीन, वॉशिंग्टोनिया, फॉक्सटेल, कॅनरी खजूर, आणि कुंडीत अरेका. आपण म्हणतो, लोकांना आवडले म्हणून पसरले. मला उलटं वाटतं. पामला फांदी नाही, त्यामुळे कलम नाही की छाट लावून रोप नाही. खजुरासारखी बुडाशी पिल्लं धरणारे सोडले तर सगळी मदार बियांवर. मग बी पोत्याने मिळतं का, लवकर उगवतं का, नर्सरीत जागा अडवून बसतं का, यावरच काय विकायला येणार ते ठरतं. आणि जे विकायला येतं त्यातूनच आपण आवड निवडतो. आवडनिवड वगैरे नंतरची गोष्ट, निकाल ट्रेमध्येच लागलेला असतो.

खोडून काढा.

झावळी

धागा आवडला, पण मुद्दा अर्धाच पटला. आवड आधी कुणीतरी लावावी लागते, आणि ती लावणारा माणूस सहसा वाड्यात राहणारा असतो.

रिओ द जानेरोचं वनस्पती उद्यान घ्या. १८०९ साली पोर्तुगालच्या राजप्रतिनिधीने (हाच पुढे राजा जुआंव सहावा झाला) तिथे एक पाम लावला, रॉयस्टोनिया ओलेरेसिया. ही जात मुळात कॅरिबियन बेटांची आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाची. पण रिओत तो आला मॉरिशसहून! म्हणजे घराच्या मागच्या दारात जायला पृथ्वीला अर्धा वळसा. राजाच्या हातचं झाड म्हटल्यावर त्याला मान आला. असं सांगतात की उद्यानाच्या प्रमुखाने त्याची फळं जाळून टाकायचा हुकूम काढला होता, म्हणजे हा पाम दुसऱ्या कुणाच्या अंगणात दिसायला नको. आणि उद्यानातले गुलाम रात्री झाडावर चढून बिया काढायचे नि गुपचूप विकायचे. पुढे कॉफीच्या मळेवाल्यांनी आपापल्या हवेल्यांसमोर याच पामांच्या दुतर्फा रांगा लावल्या. फाटकापासून घरापर्यंत रांग दिसली की समजायचं, इथे पैसा आहे.

मूळ झाडावर १९७२ मध्ये वीज पडली. तोवर ते ३८ मीटरच्या वर गेलं होतं. त्याच जागी त्याच्याच वंशातलं रोप लावलंय.

आता तुमच्या सिद्धान्तात हे बसवून दाखवा, माळीबुवा. इथे बी मिळत होतं म्हणून मागणी आली नाही. बी मिळत नव्हतं म्हणून आली.

निवांत_माळी

बसतं की. चोरीचं बी पेरलं नि उगवलं, भराभर वाढलं, म्हणून रांगा झाल्या. त्या गुलामांनी जुबियाच्या बिया विकल्या असत्या तर गिऱ्हाईक दुसऱ्या वर्षी मारायला आलं असतं.

पण राजाचा मुद्दा घेतला. टिपून ठेवतो.

आळशी_माळी

तुम्ही १८०९ मध्ये रमलाय, इकडे माझ्या हातातला झाडू सुटत नाही.

माझं कारण सरळ आहे. रॉयल आणि फॉक्सटेल यांना शेंड्याखाली ती गुळगुळीत हिरवी नळी असते ना, ती म्हणजे पानांच्या देठांचे रुंद बुडखेच एकमेकांवर घट्ट गुंडाळलेले. सर्वांत बाहेरचं पान वाळलं की नळीपासून आपोआप सुटतं आणि अख्खं खाली येतं. वर चढायला नको, शिडी नको, माणूस लावायला नको. याउलट वॉशिंग्टोनियाची वाळकी पानं खोडालाच लोंबत राहतात, घागरा नेसल्यासारखी. आत उंदीर नांदतात, आणि ठिणगी पडली तर तो घागरा कापरासारखा पेटतो. काट्यांचं तर बोलायलाच नको. ज्याला देखभालीचं बिल भरायचंय तो काय निवडेल?

(रॉयलचं गळणारं पान गाडीवर पडलं तर टप चेपतो. अनुभव आहे. पण तेवढं एक पाप पोटात घालतो.)

दवबिंदू

नवीन आहे, हसू नका. यात सागो पाम आणि ट्रॅव्हलर्स पाम का नाही? तेही सगळीकडे दिसतात.

मूळमुद्दा

@दवबिंदू, हसत नाही, पण दोघेही पाम नव्हेत. सागो म्हणून विकतात तो सायकस, त्याला फूलच येत नाही, शंकू येतो. आणि ट्रॅव्हलर्स पाम नावाचा प्राणी केळीच्या नात्यातला. तरी 'पाम' नाव लावल्याने दोघांचा धंदा बरा चालतो, ही गोष्ट धाग्याच्या विषयाला धरूनच आहे.

आता माझं म्हणणं. बी, राजा, झाडू, सगळं खरं. पण मुळांकडे कुणी बघितलंच नाही.

रुंद पानांचं मोठं झाड हलवणं म्हणजे मोठं ऑपरेशन. त्याची मुळं दरवर्षी जाड होत लांब पसरलेली असतात, ती तोडली की झाडाचा जीव अर्धा जातो. पामचं तसं नाही. त्याचं मूळ जन्माला येतं तेव्हा जेवढं जाड असतं तेवढंच राहतं. बुंध्याच्या तळातून अशी शेकडो दोऱ्यांसारखी मुळं निघत राहतात, जुनी मरतात, नवी येतात. त्यामुळे आठ-दहा मीटरचा पाम लहानशा मातीच्या गोळ्यासकट उचलता येतो. सकाळी रिकामा दुभाजक, संध्याकाळी पंचवीस वर्षांच्या झाडांची रांग! ही जादू दुसऱ्या कुठल्याच झाडाला जमत नाही. उद्घाटनाची तारीख जवळ आलेल्या बिल्डरला तर हे वरदानच. तो जात विकत घेत नाही, उंची विकत घेतो.

आणि इथेच माळीबुवांचा ट्रे उलथतो. फ्लोरिडाचा सेबल पामेटो बघा. उगवायला ठीक, पण जमिनीवर खोड दिसायला वर्षानुवर्षं लावतो. नर्सरीवाल्याला परवडणं कठीण. हलवायलाही त्याच्या तऱ्हा वेगळ्या: तोडलेली मुळं जवळपास सगळी मरतात, बुंध्यातून नवी फुटावी लागतात. म्हणून लावताना त्याची सगळी पानं छाटून टाकतात आणि कित्येक महिने तो विजेच्या खांबासारखा उभा असतो. लहान, खोड न आलेलं रोप हलवलं तर बहुधा गेलंच. एवढं असूनही तिथे हा पाम रस्तोरस्ती आहे. साउथ कॅरोलायनाने १९३९ मध्ये आणि फ्लोरिडाने १९५३ मध्ये त्याला राज्यवृक्ष केलं. कसं काय? तर बाजारात येणारे मोठे सेबल बहुतेक रानातून, कुरणांतून उपटून आणलेले असतात. वाढवायचा खर्च निसर्गाने आधीच केलेला.

निवांत_माळी

उलथला नाही, तिरका झाला. तिथे रानच नर्सरी आहे एवढंच.

उंटावरून

शेळ्या हाकायला आलो.

तुम्ही सगळे चांगल्या वर्षांबद्दल बोलताय. कुठल्या प्रदेशात कुठला पाम टिकणार, हे तिथलं सर्वांत वाईट वर्ष ठरवतं. अडचण एवढीच की ते वर्ष वीस-तीस वर्षांतून एकदा येतं आणि मधल्या काळात लोकांना वाटतं, आपली हवा बदलली.

टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१ ची थंडी आठवा. क्वीन पाम आणि वॉशिंग्टोनिया रोबस्टा यांच्या रांगाच्या रांगा तपकिरी झाल्या. पामला शेंड्यात वाढीचा एकच बिंदू असतो, तो गोठून सडला की खालचं एवढं मोठं खोड शाबूत असूनही उपयोग नाही. बाजूलाच तिथला गाववाला सेबल मेक्सिकाना पानं जरा करपून उभा होता. वाऱ्याचंही तेच. फ्लोरिडातल्या चक्रीवादळांनंतर पडलेल्या-उभ्या झाडांची मोजणी झाली, त्यात क्वीन आणि वॉशिंग्टोनिया तळाला, सेबल वर. आणि विक्रीत? क्रम बहुतेक उलटा. दुकानात झाड उन्हात, वाऱ्याशिवाय, खत खाऊन उभं असतं. तिथे सगळेच देखणे.

एक उदाहरण मात्र वाईट वर्षाच्या बाजूचं आहे. चुसान पाम, ट्रॅकिकार्पस. रॉबर्ट फॉर्च्यून या वनस्पती गोळा करणाऱ्याने चीनमधून पाठवलेली रोपं १८४९ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानात पोचली. दिसायला काही विशेष नाही, खोडाला गोणपाट गुंडाळल्यासारखा. पण उणे दहाच्या खालची थंडीही सोसतो. थंड देशातल्या माणसाला 'माझ्या दारात पाम' म्हणायचं असेल तर पर्यायच नव्हता, म्हणून पसरला. इतका पसरला की स्वित्झर्लंडच्या दक्षिणेला, तिचिनोत, पक्ष्यांनी बिया जंगलात नेल्या आणि तिथे आता तण म्हणून माजलाय. सप्टेंबर २०२४ पासून त्या देशात तो विकायलाच बंदी आहे. लोकप्रियतेचा असाही शेवट.

झावळी

@उंटावरून, मान्य. पण लॉस एंजेलिसचं तुमच्यात बसत नाही, माळीबुवांच्यातही नीट नाही. तिथल्या उंच वॉशिंग्टोनियांच्या रांगा १९३२ च्या ऑलिंपिकसाठी लावल्या असं सगळे सांगतात. ऑलिंपिक निमित्त असेलही, पण मंदी होती आणि बेकारांच्या हाताला काम द्यायचं होतं. एकट्या १९३१ मध्ये शहराने २५ हजारांहून जास्त पाम लावले. पुढे सिनेमाच्या कॅमेऱ्याने तीच रांग जगभर दाखवली आणि प्रत्येक उन्हाळी शहराला वाटायला लागलं की आपण असं दिसायला हवं. त्यात मूळचा मेक्सिकोचा रोबस्टाच जास्त! कॅलिफोर्नियाचा स्वतःचा वॉशिंग्टोनिया फिलिफेरा जाडजूड, बुटका, त्या मानाने संथ. गावचा असून मागे पडला.

हे म्हणजे पामने पाम विकणं झालं. शेजारच्या शहराकडे आहे म्हणून आपल्याकडे.

करवत

पंधरा वर्षं पामवर चढून छाटणी करतोय, म्हणून थोडं लांबवतो.

कॅनरी खजूर, फिनिक्स कॅनरिएन्सिस. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर आला आणि त्या किनाऱ्याचा चेहरा बनला. जाड खोड, वर शंभराच्या पुढे पानांचा गोल मुकुट. एकच झाड लावलं तरी अंगण भरतं. याची कीर्ती खोटी नाही, मला स्वतःला हा सगळ्यांत देखणा वाटतो.

आता ऐका. लाल सोंड्या भुंगा मूळचा दक्षिण आणि आग्नेय आशियाचा. तिथे तो माडाला लागतो. १९८० च्या दशकात आखातात पोचला, मग इजिप्त, १९९० च्या दशकात स्पेन, २००० नंतर इटली आणि फ्रान्स. हा एवढं अंतर उडत गेला नाही. मोठे खजूर मुळांच्या गोळ्यासकट जहाजावर चढले, त्यांच्या पोटात हा बसून गेला. म्हणजे @मूळमुद्दा ज्याला जादू म्हणतात, त्याच जादूवर स्वार होऊन. आणि सगळ्या पामांत त्याला सर्वांत आवडला कोण? कॅनरी.

बाहेरून महिनोनमहिने काही दिसत नाही. मी एकदा अशाच धडधाकट दिसणाऱ्या झाडाला शिडी लावली, मुकुटाच्या मुळाशी कान टेकवला तर आतून करकर आवाज, कोणी बोरूने खरडतंय असा. देठ ओढलं तर हातात आलं, बुडाशी पोखरलेलं, आंबूस वास. आत झाडाच्याच धाग्यांनी विणलेले कोश, अंगठ्याएवढे, वाफ्यातल्या शेंगांसारखे ओळीने. तीन आठवड्यांनी अख्खा मुकुट मिटलेल्या छत्रीसारखा खाली पडला.

आणि भुंग्याला शिव्या देताना स्वतःचंही सांगतो. कॅनरीला एक बुरशीचा मर रोग आहे, फ्युजेरियमचा. पानाच्या पात्या मधल्या शिरेच्या एकाच अंगाला वाळतात, ही खूण. तो पसरतो छाटणीच्या हत्यारांवरून. माझं टोपणनाव बघा. एका झाडावरून दुसऱ्यावर करवत न धुता गेलं की काम झालं. आता प्रत्येक झाडासाठी वेगळं पातं किंवा ब्लीचमध्ये बुडवून ठेवलेलं. सुरुवातीची वर्षं मला हे कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा किती झाडं मारली असतील याचा हिशोब करत नाही.

कॅनरीचा भाव चढला, रोग आले, तेव्हा फ्लोरिडातल्या लॅण्डस्केपवाल्यांनी कुणाला हाताशी धरलं? शिंदीला! भारतीय उपखंडात ओढ्याकाठी, बांधावर फुकट उगवणारी, कुणी ढुंकून न बघणारी शिंदी. खोड घासूनपुसून हिऱ्याच्या नक्षीसारखं करतात, 'सिल्व्हेस्टर पाम' म्हणतात आणि श्रीमंत वस्तीच्या फाटकाशी जोडीने उभी करतात. २००६ मध्ये त्या राज्यात पान करपवून मारणारा नवा रोग सापडला, त्याने पहिल्यांदा जे धरले त्यात ही शिंदीही आली. आणि आता सेबललाही तो सोडत नाही.

आळशी_माळी

शिंदीचं वाचून खुर्चीतून पडलो. नाव बदललं की नशीब बदलतं ते असं.

निवांत_माळी

करवत, प्रतिसाद दोनदा वाचला. कान लावायचं ध्यानात ठेवतो.

माझ्या सिद्धान्ताला सगळ्यांनी मिळून भोकं पाडली, तरी एक झाड माझ्या बाजूचं आहे, ते मांडून गप्प बसतो. फॉक्सटेल. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या उत्तरेला केप मेलव्हिलची खडकाळ टेकडी, जगात तेवढ्याच तुकड्यात हा रानात वाढतो. शास्त्रीय वर्णन १९८३ मध्ये झालं. वोडयेटिया हे नाव तिथल्या एका आदिवासी वृद्धावरून, त्या मुलुखाचं पारंपरिक ज्ञान असलेला शेवटचा माणूस म्हणून. म्हणजे त्याआधी बाजाराला हा पाम ठाऊकच नव्हता. ना राजा, ना ऑलिंपिक, ना सिनेमा. सुरुवातीला राष्ट्रीय उद्यानातून बियांची चोरी झाली (झावळीबाईंचं रिओ परत आलंच), पण एकदा बी बाहेर पडल्यावर वीस-पंचवीस वर्षांत अख्ख्या उष्ण कटिबंधात झाला. कारण बी भरपूर, वाढ झपाट्याची, पान आपोआप गळतं, रेताड जमीन चालते. अरेकाही तसाच. मादागास्करच्या किनारी जंगलात त्याला जागा उरत नाहीये, आणि जगभरच्या ऑफिसांच्या लिफ्टशेजारी तोच उभा. ज्यांनी त्याला कुंडीत वाढवलं त्यातल्या किती जणांना तो कुठल्या बेटाचा हे माहीत असेल?

उंटावरून

फॉक्सटेल तुमचा. बाकी सगळे आमचे.

दवबिंदू

सगळं वाचलं, डोकं गरगरलं. मला घरासमोर दोन पाम लावायचे आहेत. नर्सरीवाल्याने क्वीन दाखवला, फारच सुंदर आहे, पिसांसारखी पानं. घेऊ का? माती चुनखडीची आहे.

मूळमुद्दा

चुनखडी म्हणताय तर थांबा. क्वीनला मँगनीज लागतं आणि चुनखडीच्या जमिनीत ते असूनही त्याला उचलता येत नाही. नवं पान बाहेर येतं तेच आखूड, चुरगळलेलं, कडा जळक्या, कुणी मेणबत्तीवर धरल्यासारखं. माझ्याकडे असाच एक होता. मँगनीज सल्फेट घातलं, रोज वर बघायचो, काही फरक नाही. पुढची तीन पानंही वाकडीच आली, कारण ती आत आधीच घडलेली होती. चौथं सरळ आलं. धीर नसेल तर क्वीन नको. नर्सरीच्या कुंडीतली माती चुनखडीची नसते, म्हणून तिथे तो सुंदरच दिसणार.

दवबिंदू

मग वॉशिंग्टोनिया? लवकर वाढतो म्हणता.

करवत

घर किती मजली?

दवबिंदू

एकमजली.

करवत

मग पहिली पाच वर्षं छान. दहाव्या वर्षी खिडकीतून फक्त खोड दिसेल, झाड बघायचं असेल तर शेजाऱ्याच्या गच्चीवर जावं लागेल. तुमच्या भागात रानात आपसूक उगवलेला, कुणी पाणी न घालता उभा असलेला पाम कुठला आहे ते आधी बघून या. फोटो टाका, मग बोलू.

मूळमुद्दा

+१. आणि @निवांत_माळी, धागा तुमचा म्हणून आतापर्यंत दाबून ठेवलं होतं. दर रविवारी ते जुबियाचं बी उकरणं आधी बंद करा. पुष्कळ पामांचा पहिला कोंब वर न येता खाली जातो, पान मागाहून येतं. बोट लागलं की तोच मोडतो, आणि मग आपण म्हणतो, जात आळशी आहे.

निवांत_माळी

अरे देवा.

आज रविवार. उकरलं नाही. पाणी घालताना थोडी माती बाजूला झाली, ती गोष्ट वेगळी.